खेकड्याच्या पोटातली वस्ती

१० जुलै २०२२, रविवार

गुडघा फुटला, एक सँडल ओढ्याने नेली आणि दिवसभरात हाती लागले चार खेकडे. त्यातल्या एकाने अंगठा असा धरला की हातमोजा फाटून रक्त आलं. मेढ्याच्या वर डोंगरात दगड उलटत फिरणारी छत्तीस वर्षांची बाई बघून जाणारे-येणारे थांबत होते. त्यांना काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. मलाही तेच वाटत होतं.

ही वही आजपासून. प्रयोगशाळेची नोंदवही साहेबांना दाखवावी लागते, तिच्यात मनातलं लिहिता येत नाही. साहेब म्हणजे माझे मार्गदर्शक, डॉ. लालासाहेब. विषयही त्यांनीच गळ्यात घातला. डोंगरातल्या ओढ्यांतले खेकडे आणि कृष्णेतले खेकडे यांच्या कवचावर, कल्ल्यांत आणि आतड्यात कोणकोणते जिवाणू वस्ती करून राहतात, आणि दोन्हींत फरक काय पडतो. विषय वाईट नाही. पण तो माझ्या वाट्याला आला कारण पाण्यात उतरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. सांगलीच्या या कॉलेजात मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. कायम जागा निघेल ती दोन-अडीच वर्षांत, आणि तिला पीएच.डी. लागते. ही गेली तर वयात बसणारी दुसरी जागा नाही. माझं सगळं गणित एवढंच आहे.

परतताना तानुबाई भेटल्या. ओढ्याच्या वर धनगरवाड्यावर राहतात. साठीच्या असतील. चार म्हशी आहेत, ताक-तूप मेढ्याच्या बाजाराला नेतात. माझे हातमोजे बघून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्या, बिळात उघडाच हात घातला आणि तळहाताएवढा खेकडा काढून माझ्यापुढे धरला. कशाला पाहिजेत म्हणून विचारलं. आता या बाईला जिवाणू काय, आतडं काय आणि प्रबंध काय, काय काय सांगत बसणार? एस.टी.ची वेळ झाली होती. औषधासाठी लागतात म्हटलं आणि मोकळी झाले. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"मग तुमी पान्यात उतरू नगा, ताई. मी धरून ठिवते. फकस्त येन्याच्या आदी चार रोज निरोप द्या."

चार दिवस आधी कशाला ते मी विचारलं नाही. म्हशींच्या मागे सवड होत नसेल. आयतं मिळतंय तर घ्यावं.


१४ ऑगस्ट २०२२, रविवार

बुधवारी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर निरोप दिला होता. आज पोचले तर भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात, ओल्या पाल्याखाली दहा खेकडे तयार. माझ्या त्या चार खेकड्यांना चिखलाचा उग्र वास होता. हे अगदी स्वच्छ, कवच चकचकीत. डोंगरातलं पाणी आहे शेवटी. थोडा आंबूस वास होता, पण म्हशीवाल्यांच्या घरात दुसरा कसला वास येणार? माझ्या ओढणीलाही तोच लागला.

नियमाप्रमाणे खेकडा मी स्वतः, निर्जंतुक हातमोजे घालून धरायचा आणि तासाभरात बर्फात ठेवायचा. नोंदवहीत तसंच लिहिलं आहे. साहेबांनी तरी शेवटचा ओढा कधी पाहिला? त्यांना पावसात विभागाच्या पायऱ्यासुद्धा नको असतात. बर्फ मात्र मी लगेच घातला, तेवढं खरं आहे.

निघताना तानुबाईंनी विचारलं, आता कसं हाय. मी म्हटलं, चाललंय. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. "असल्याचं मोल घेत न्हाईत," म्हणाल्या. भोळी माणसं. अशी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.


१७ ऑगस्ट २०२२, बुधवार

आज पाच खेकडे उघडले. हे काम मला मनापासून आवडतं, हे इथे लिहायला हरकत नाही. कॉलेजात कोणाला सांगितलं तर हसतील. कवचावरचा लेप कापसाच्या बोळ्याने टिपायचा, मग कवच उचललं की दोन्ही बाजूंना कल्ल्यांची फणी दिसते. तिच्या प्रत्येक दातात पाण्यातून आलेल्यांची दाटी. आणि मग आतडं, सुतळीएवढं. बाहेरून बघणाऱ्याला एक खेकडा दिसतो. माझ्यापुढे एक अख्खा तालुका असतो.

खेकडा कात टाकतो तेव्हा नुसतं कवच टाकत नाही, आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तरही टाकतो. तिथे राहणाऱ्यांचं घरच जातं. मग जे पाणी, जी माती, जे खाणं पुढे येईल त्यातून वस्ती पुन्हा बसते. आज वर्गात हे सांगितलं. खेकड्याने काय खाल्लं यावर त्याच्या पोटात कोण राहायला येणार हे ठरतं, असं फळ्यावर लिहिलंही. मागच्या बाकावरची मुलं झोपली होती.


२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार

पुण्याहून तपासणीचे निकाल आले. मी तीनदा वाचले. मेढ्याच्या खेकड्यांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस आहे, आणि थोडाथोडका नाही, निम्म्याहून जास्त तोच. दूध आंबवणारी जात. सांगलीच्या बाजारातून घेतलेल्या कृष्णेच्या खेकड्यांत त्याचा मागमूस नाही. तिथे सगळे गटारातले पाहुणे.

साहेब खुर्चीतून उठले. अकरा वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा उठले. त्यांनी तिथल्या तिथे सिद्धान्त मांडला. डोंगरातल्या खेकड्याचा हा जुना सोबती आहे, तो त्याला रोगापासून जपतो, आणि नदीतल्या खेकड्याने तो मळीच्या पाण्यात गमावला. ऐकायला फार सुंदर वाटलं. मीही पाच महिने असंच काहीतरी सापडावं म्हणून नवस बोलल्यासारखी जगत होते.

एक अडचण होती. जुलैत मी स्वतः धरलेल्या त्या चार खेकड्यांत हा जिवाणू नाही. साहेब म्हणाले, "पहिल्या दिवसाचं काम आहे ते, हात बसला नव्हता तुमचा. वगळा." मला ते पटलं. पटायला दोन मिनिटं लागली असतील.


१९ फेब्रुवारी २०२३, रविवार

पुण्याच्या परिषदेत साहेबांनी निबंध वाचला. माझं नाव दुसरं होतं आणि मी लॅपटॉपपाशी उभी राहून चित्रं पुढे सरकवत होते. टाळ्या झाल्या तेव्हा साहेबांनी हात माझ्या दिशेने केला, ते पुढचं चित्र दाखवा म्हणून. मी दाखवलं. जेवणाच्या रांगेत एक बाई मला म्हणाल्या, तुम्ही साहेबांच्या मदतनीस का? हो म्हटलं. वर्तमानपत्रात 'सह्याद्रीच्या खेकड्याचा पाचक मित्र' असा मथळा आला. त्यात मी नाही, खेकड्याचा फोटो आहे. आईने ते कात्रण कापून देवघरात ठेवलं आणि विचारलं की यात तुझं नाव कुठे आहे. मी चिडले. तिच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं.


८ ऑक्टोबर २०२३, रविवार

शेवटचे नमुने आणले. एकूण साठ खेकडे झाले. पावसाळ्यात तानुबाईंच्या पिंढरीला ओढ्यातल्या कपारीने चांगलं सहा बोटं लांब कापलं होतं. जखम भरली आहे पण पाय ओढतात. पाणी चढलेलं असताना उतरायची काय गरज होती, असं मी म्हटलं. तुमचा निरोप आला व्हता न्हवं, असं त्या म्हणाल्या. वर मलाच विचारलं, "लय दिस झालं की. अजून गुन न्हाई?" येतोय हळूहळू, असं मी सांगितलं. औषध तयार व्हायला इतका वेळ लागतो याचं त्यांना नवल वाटत असावं. त्यांनी देव्हाऱ्यापुढची चिमूटभर भस्माची पुडी हातात ठेवली. मी ती पर्समध्ये टाकली, आणि साताऱ्याच्या स्टँडवर सुटे काढताना ती कुठेतरी सांडली.


२८ मार्च २०२४, गुरुवार

प्रबंध दिला. तीनशे बारा पानं. पद्धतीच्या प्रकरणात 'सर्व नमुने संशोधिकेने स्वतः गोळा केले' असं वाक्य आहे. ऋणनिर्देशात आधी तानुबाईंचं नाव घातलं होतं. मग कोणी विचारलं, या कोण आणि यांनी काय केलं, तर काय सांगायचं, म्हणून काढलं. त्या जागेवर ग्रंथपालांचं नाव आलं. त्यांनी मला एकही पुस्तक वेळेवर दिलेलं नाही.


८ ऑगस्ट २०२४, गुरुवार



उद्या तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक केरळचे, खेकड्यांवर तीस वर्षं काम केलेले, स्वभावाने साधे, पण निकाल त्यांच्याच हातात. साहेब आणि मी त्यांना आणायला गाडी घेऊन पुण्याला गेलो होतो. येताना थोडी वाट वाकडी करून तो ओढा बघू, असं त्यांनी हौसेने आठवडाभर आधीच कळवलं होतं. साहेबांनीही मान डोलावली होती. मी मोबाइलवर निरोप आधीच देऊन ठेवला होता, कारण वस्तीवरच्या कोणीतरी चांगलं बोललं तर बरं दिसेल असं मला वाटलं. ही अक्कल माझीच.

तानुबाईंनी अंगण सारवलं होतं. नवं लुगडं नेसल्या होत्या. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही या मॅडमना इथे येताना बघितलंय का, खेकड्यांबद्दल काही सांगाल का. मी ते मराठीत सांगितलं. तानुबाई त्यांच्याकडे बघून, एकेक शब्द नीट लावून बोलल्या.

"आजारी मानसाला द्याचा खेकडा आमी तसाच देत न्हाई, सायेब. तीन रोज घागरीत ठिवायचा. दोन बोटं ताकाची निवळ, वर नाचनीचं पीठ. रोज निवळ बदलायची. पोटातली समदी माती निगून जाती, मग रस्सा बाधत न्हाई. आमच्या सासूपास्नं हाय हे. ताईंच्या घरी दुखनं हाय, मग मी एक बी खेकडा तसा दिल्याला न्हाई. घागर हाय बघा ती, आज बी ठिवल्यात."

पडवीच्या कोपऱ्यात घागर होती. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दोन श्वास असतील. तेवढ्यात साठच्या साठ खेकडे माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्यांच्या पोटातलं तानुबाईंचं ताक. डोंगराचा जुना सोबती म्हणजे मेढ्याच्या बाजारात दहा रुपयांना गडवाभर मिळणारी वस्तू. आणि वगळलेले ते चार, चिखलाच्या वासाचे, तेवढेच काय ते खरे.

परीक्षक माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हटलं, त्या सांगतात की मी दर महिन्याला भर पावसात यायचे, स्वतः ओढ्यात उतरायचे, कधी नेम चुकवला नाही. एकदा पाय कापला तरी आले.

पाय कापल्याचं कुठून सुचलं, देव जाणे.

परीक्षक फार खूश झाले. तानुबाईंना त्यांनी हात जोडले, त्यांच्याबरोबर फोटोही काढून घेतला. मग घागरीकडे बोट करून त्यात काय आहे विचारलं आणि दोन पावलं तिकडे टाकली. साहेबांनी त्यांचा कोपर हलकेच धरला आणि घड्याळ दाखवलं. मी साहेबांकडे बघितलं. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातला. तानुबाईंचा शब्दन् शब्द त्यांना कळला होता.

गाडीत ते कऱ्हाडपर्यंत परीक्षकांशी केरळच्या हवेबद्दल बोलत होते. चहाला थांबलो, परीक्षक हात धुवायला गेले, तेव्हा साहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "भाषांतर चांगलं करता तुम्ही."


९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

सकाळी सांगून टाकायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं, छोटं आणि सरळ. आईने निघताना तळहातावर दही-साखर ठेवली. मी ती खाल्ली आणि गेले.

पंचेचाळीस मिनिटांत आटोपलं. लॅक्टोबॅसिलस डोंगरातच का टिकला यावर मी फार छान बोलले. हे खोटं नाही, मी खरंच छान बोलते. परीक्षकांनी हस्तांदोलन केलं, साहेबांनी पेढे मागवले आणि सगळे मला डॉक्टर म्हणाले. ते छोटं सरळ वाक्य कोणाला ऐकवायचं राहिलं.


२० जानेवारी २०२५, सोमवार

कायम झाले. मुलाखतीत समितीने तो वर्तमानपत्राचा मथळाच वाचून दाखवला. हजेरीपटावर आता माझं नाव शाईने लिहिलेलं आहे. इतकी वर्षं ते पेन्सिलीने असायचं, कोणत्याही महिन्यात खोडता यावं म्हणून. मला आनंद झाला. झालाच. तेरा-चौदा वर्षं जी गोष्ट मागत होते ती मिळाल्यावर आनंद झाला नाही असं लिहिणं हाही एक खोटेपणाच होईल.

मेढ्याला गेले नाही. जायचं काही काम नाही.


८ जुलै २०२५, मंगळवार

साहेबांकडे यंदा सोनम नावाची संशोधक विद्यार्थिनी आली आहे. जतकडची, धनगराच्या घरातली, शेळ्यांमागे फिरत दहावी केलेली. साहेब कागदावर मार्गदर्शक, प्रयोगशाळेत तिची नोंदवही तपासून सही करायचं काम माझं. तिने माझंच काम पुढे न्यायचं आहे, म्हणजे डोंगराच्या खेकड्यातला तो जिवाणू वेगळा काढून वाढवायचा. महिनाअखेरीला शिष्यवृत्तीची समिती बसेल. काही दाखवता आलं नाही तर तिची शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे गावाकडे स्थळ बघून ठेवलेलंच आहे.

आज तिने बारा खेकड्यांची नोंद पुढे ठेवली. त्याच ओढ्यातले, तिने स्वतः धरलेले, बोटांवर नांग्यांच्या खुणा आहेत. एकातही लॅक्टोबॅसिलस नाही.

मी म्हटलं, पुन्हा कर. ती म्हणाली, तीनदा केलंय. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही प्रबंधात जी जात दिलीय ना, ती आमच्या घरच्या ताकात असते. मी गंमत म्हणून वाढवून बघितली. सारखीच दिसते."

मी म्हटलं, जिवाणू सगळीकडे असतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ती गप्प बसली. पण पटलं म्हणून गप्प बसलेलं माणूस आणि दुसरं काहीतरी मनात धरून गप्प बसलेलं माणूस यांतला फरक मला ओळखता येतो. मी स्वतः दोन्ही प्रकारे बसलेली आहे.


१० जुलै २०२५, गुरुवार

सोनम नोंदवही घेऊन घरी आली होती. आईने तिला पोहे केले, बळेच दुसऱ्यांदा वाढले, जतच्या पावसापाण्याची चौकशी केली. आईला कोणीही आलेलं चालतं. जाताना सोनम चपला घालता घालता म्हणाली की कॉलेजच्या वार्षिक अंकात परीक्षकांचा एक फोटो आहे, त्यात कोणी धनगरवाड्यावरची बाई आहे. रविवारी तिकडे जाऊन त्यांना भेटते. त्यांना खेकड्यांचं माहीत असेल.

जा म्हटलं. नको म्हणायला कारण काय देणार होते?


१२ जुलै २०२५, शनिवार

रजा टाकून आज मेढ्याला गेले. वाटभर वाक्य जुळवत होते. उद्या एक मुलगी येईल, तिला ताकाचं सांगू नका. का नको, याला काय सांगायचं ते मात्र शेवटपर्यंत सुचलं नाही.

तानुबाई गोठ्यात होत्या. मला बघून हातातलं शेण तसंच घेऊन लगबगीने पुढे आल्या, पाय ओढत. "आवं ताई, वरीस झालं. किती वाट बघितली. आता कसं हाय तुमच्या घरचं मानूस?"

दोन वर्षं ही बाई माझ्या घरातल्या आजाऱ्यासाठी ओढ्यात उतरत होती. गेल्या वर्षी अंगणात त्यांनी ते सरळ सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष घागरीकडे होतं. आज विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या मनात ते माणूस अजून अंथरुणावर आहे.

इथे खरं सांगता आलं असतं. कोणी आजारी नव्हतं, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही, माफ करा. एवढंच होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आई होती. गेली."

त्या खालीच बसल्या. कवा, म्हणून विचारलं. चैत्रात, असं मी सांगितलं.  मग त्यांनी शेणाने माखलेले हात पुढे धरले आणि हातांकडेच बघत म्हणाल्या, "लोकं म्हनत्यात माज्या हाताला गुन हाय. पार केळघरपास्नं येत्यात खेकडं न्याला. बाळंतिनीला, खोकल्याला, काविळीला. उगंच म्हनत्यात. माजंच कायतरी चुकलं आसंल, ताई. येकादा रोज निवळ बदलायची राहिली आसंल."

मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

"आता न्हाई कुनाला देत," त्या म्हणाल्या. "घागर फोडून टाकते. मानसाच्या जिवाशी खेळ नगं."

मला जे सांगायचं होतं ते सांगायची गरजच उरली नाही. दुखवट्यातल्या माणसाला कुंकू लावत नाहीत म्हणून त्यांनी ते लावलं नाही, नुसतं पाठीवरून मनगट फिरवलं. सुनेने दिलेलं ताक मी प्यायले. स्टँडवर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, की काम झालं. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण झालं हे खरं आहे.

घरी आले तर आईने दार उघडलं आणि म्हणाली, किती उशीर, चेहरा बघ कसा उतरलाय.


१४ जुलै २०२५, सोमवार

सोनम दहा वाजता विभागात आली. दार लावून घेतलं. बस म्हणायच्या आधीच समोरच्या स्टुलावर बसली.

त्या बाई भेटल्या, असं म्हणाली. खेकडे धरणं सोडलंय म्हणाल्या. ताकाचं विचारलं तर तसलं काही आम्ही करत नाही म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा मोजल्यासारखं करत होते.

"मग त्यांनी तुमच्या आईचं विचारलं," सोनम म्हणाली. "दिवसकार्य नीट झालं का म्हणून."

खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस.

"झालं म्हटलं. सगळं व्यवस्थित झालं म्हटलं." तिचा आवाज अगदी शांत होता. रागावली असती, ओरडली असती, साहेबांकडे किंवा विद्यापीठात जाते म्हणाली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. बोलायला मी तयार होते. तिने मला ती संधीच दिली नाही. पिशवीतून नोंदवही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

मंगळवारचं ते पान फाडून तिने नवीन लिहिलं होतं. बारा खेकडे, त्याच ओढ्यातले, त्याच तारखेचे. नऊ खेकड्यांत लॅक्टोबॅसिलस मिळाला.

"तीन रिकामे ठेवलेत, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्यांत दाखवलं तर कोणाला खरं वाटणार नाही."

खालची सहीची जागा तिने पट्टीने रेघ मारून सोडली होती. अक्षर फार सुरेख आहे तिचं. मी पेन घेतलं, आजची तारीख घातली आणि सही केली.